तळघरातून आलेले १९७६ चे ‘रॉयल फ्लश’: पिनबॉलचे यंत्र नव्यासारखे करणे म्हणजे नेमके काय करणे

न्यू जर्सीतील एका जुन्या घराचे सामान विकायला निघाले तेव्हा आपण तळघरातून गॉटलीब कंपनीचे ‘रॉयल फ्लश’ हे पिनबॉलचे यंत्र विकत घेतले. (पिनबॉलमध्ये उतरत्या फळीवर पोलादी चेंडू लोळतो आणि बटण दाबून हलणाऱ्या ‘फ्लिपर’ने तो परत वर मारायचा असतो.) ते यंत्र वीस-बावीस वर्षे बंद होते. आता चालू केले की दिवे लागतात, पण खेळ सुरू करण्याचे बटण दाबल्यावर आतली मोटर फिरतच राहते. उभ्या काचेवरच्या चित्राचे पापुद्रे निघू लागले आहेत. आपल्याला हे यंत्र कारखान्यातून निघाले त्या दिवसासारखे करायचे आहे आणि काही वर्षांनी पुण्याला परतताना बरोबर न्यायचे आहे. आपण विचारले आहे ते थोडक्यात इतके. शिकागोच्या एका उपनगरात राहून मी गेली अठरा वर्षे अशी यंत्रे दुरुस्त करत आलो आहे, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

प्रथम ‘नव्यासारखे’ या शब्दाविषयी. रॉयल फ्लश हे १९७६ चे यंत्र. खेळाची रचना एड क्रिन्स्की यांची आणि चित्रे गॉर्डन मॉरिसन यांची. बारा हजारांहून अधिक यंत्रे निघाली, त्यामुळे ते दुर्मिळ नाही, आणि कंपनी १९९६ साली बंद पडली असली तरी सुटे भाग नव्याने बनवणारे लोक आहेत. मात्र आज प्रदर्शनांत आरशासारखी चकाकणारी जी जुनी यंत्रे दिसतात, तशी ती कारखान्यातून कधीच निघत नव्हती. फळीवर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा, पातळ हात दिलेला असे, कॅबिनेटवर साच्यातून रंग फवारलेला असे आणि कडा थोड्या धूसर असत. माझ्या मते यंत्र नवे झाले की नाही हे त्याच्या वागण्यावरून ठरते: चेंडू बंपरला, म्हणजे त्याला उडवून लावणाऱ्या खांबाला, लागताच किती तडफेने परततो, आकडा एका झटक्यात बदलतो की रेंगाळतो, आणि शंभर डाव सलग खेळले तरी काही अडकते का. बहुतेक मंडळी उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी फळी चकचकीत करून वर सगळे भाग पुन्हा बसवतात आणि मग लक्षात येते की खालची एक कॉइल (वीज आली की लोखंडी दांडा ओढून घेणारे तारेचे वेटोळे) बदलण्यासाठी ती फळी पुन्हा उचलून उलटी करावी लागणार आहे. म्हणून आधी वीज, मग यंत्रणा आणि रंगरंगोटी सर्वांत शेवटी, हा क्रम आपण मोडू नये.

विजेचे काम करण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. या यंत्रात ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे दोन भाग करून देतो: कॉइल आणि रिलेंसाठी (विजेनेच उघडझाप होणाऱ्या स्विचांसाठी) साधारण २४ व्होल्ट, आणि दिव्यांसाठी ६ व्होल्टच्या आसपास. या दोन्हींनी माणूस दगावत नाही, परंतु ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडच्या तारा घरातल्या पूर्ण दाबाच्या असतात आणि ५० वर्षांत त्यांचे आवरण कडक होऊन तडकलेले असते. मूळ वायर बहुधा दोनच तारांची असते. ती काढून अर्थची तिसरी तार असलेली वायर लावावी आणि ती अर्थ ट्रान्सफॉर्मरच्या चौकटीला, नाण्याच्या दाराला, कडेच्या धातूच्या पट्ट्यांना व पुढच्या आडव्या पट्टीला जोडावी, कारण खेळणाऱ्याचे हात नेमके तिथेच असतात. यात मूळ रूपाला धक्का लागतो अशी कुरकुर काही संग्राहक करतात. मी ती मनावर घेत नाही. त्यानंतर प्रत्येक फ्यूज काढून त्यावरचा आकडा यंत्राच्या विद्युत-जोडणीच्या आराखड्याशी ताडून पाहावा. एकदा मला फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली आढळली, आणि तिच्या वाटेवरची कॉइल कोळशासारखी काळी झाली होती. आराखड्याचा कागद यंत्रातच सापडला तर उत्तम, नसल्यास पुनर्मुद्रित प्रत घ्यावी, पण तिच्याशिवाय पुढे जाऊ नये. एक गोष्ट आणखी पाहावी. दुकानातल्या कमकुवत विजेसाठी जास्त दाब देणारे जोडणीचे टोक काही ट्रान्सफॉर्मरवर असते. तुमचे यंत्र त्या टोकावर असेल तर घरात कॉइल विनाकारण तापतील. तार साध्या टोकावर आणावी.

आता फिरत राहणाऱ्या मोटरकडे येऊ. या यंत्रात संगणक नाही. डाव सुरू करताना चारही खेळाडूंचे आकडे शून्यावर आणण्यासाठी ही मोटर एकामागून एक धक्के पाठवते, आणि गुणांचे आकडे छापलेल्या प्रत्येक फिरत्या रिळामागे पितळी पात्यांचा एक छोटा स्विच असतो, जो रीळ शून्यावर आले की स्थिती बदलतो आणि त्या रिळाला मिळणारे धक्के थांबवतो. सगळी रिळे शून्यावर पोचली असे स्विचांकडून कळेपर्यंत मोटर थांबत नाही. म्हणजे मोटर बिघडलेली नाही. ती आज्ञाधारकपणे एखाद्या हट्टी रिळाची वाट पाहत आहे. काच काढून, मागच्या पेटीत डोकावून, खेळ सुरू करण्याचे बटण दाबावे आणि नीट पाहावे. एखादे रीळ प्रत्येक धक्क्याला थरथरते पण जागचे हलत नाही, किंवा शून्य दाखवूनही पुन्हा पुढे जाते. पहिल्या प्रकारात किटण अडकलेले असते, दुसऱ्यात स्विचची पाती मळलेली किंवा वाकलेली असतात.

वीज काढून त्या रिळाचा प्लंजर (कॉइलमध्ये सरकणारा दांडा) बोटाने आत दाबून सोडावा. नीट असलेले रीळ टणकन एक घर पुढे जाऊन थांबते. आपले बहुधा सुस्तावलेल्या माणसासारखे सरकेल. कारण तेल. कधीकाळी कोणीतरी भल्या हेतूने त्यावर तेल सोडलेले असते, त्यात तळघरातली धूळ मिसळते, आणि २० वर्षांत त्याचा डिंक होतो. या डिंकावर पुन्हा तेल सोडले की दोन दिवस यंत्र चालते आणि मग पूर्वीपेक्षा घट्ट बसते. गंज सोडवणारे फवाऱ्याचे तेल तर मुळीच वापरू नये, ते पेट घेणारे असते आणि या यंत्रात प्रत्येक स्विचवर ठिणगी पडते. रीळ बाहेर काढून, सुटे करून, प्रत्येक धातूचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, नायलॉनच्या भागांवरील किटण दात घासायच्या जुन्या ब्रशने काढावे आणि कोरडेच जोडावे. फक्त धातूवर धातू फिरतो त्या आसाला टेफ्लॉनच्या पातळ ग्रीजचा, टाचणीच्या टोकावर मावेल एवढा, ठिपका लावावा. आकडे छापलेल्या बाजूला अल्कोहोल लागू देऊ नये, छपाई क्षणात निघते. सापडलेले एक रीळ साफ करून थांबण्याचा मोह होतो, पण बाकीचीही त्याच तळघरात होती. सगळी साफ करावीत. मला पहिल्या रिळाला पाऊण तास लागला होता, आता दहा मिनिटांत होते.

हाच न्याय टप्प्याटप्प्याने पुढे सरकणाऱ्या इतर यंत्रणांना: कितवा चेंडू चालू आहे, कोणत्या खेळाडूची पाळी आहे, बोनस किती साठला आहे हे लक्षात ठेवणारे भाग. त्यांत खाचांचे एक चाक, त्याला मागे जाऊ न देणारी खीळ, आणि पितळी रिव्हेट बसवलेल्या तपकिरी तबकडीवरून सरकणारी पितळी बोटे असतात. रिव्हेट काळे पडलेले असतील. ते बारीक घासणीने उजळावेत आणि अल्कोहोलने पुसून वर ग्रीजचा जेमतेम दिसेल इतका पातळ थर द्यावा.

स्विचांविषयी थोडे थांबून सांगतो, कारण या यंत्राचे अर्धे आजार आणि दुरुस्त करणाऱ्यांची तीनचतुर्थांश पापे तिथेच आहेत. रिलेंवर, मोटरवर आणि फळीखाली मिळून स्विचच्या पात्यांच्या शेकडो जोड्या असतात. त्या सर्व घासून, वाकवून ‘नीट’ करण्याचा कार्यक्रम हाती घेतला तर चालणारे यंत्र बंद पडते. ज्या मंडलात बिघाड आहे तेवढेच स्विच आराखड्यावरून शोधावेत. कमी विजेच्या रिलेंची टोके चांदीची असतात. त्यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाड कागदाची पट्टी घालून, पाती बोटाने हलकी दाबून, पट्टी ओढून घेतली की काळा मळ कागदावर येतो. तेवढे पुरते. फ्लिपरची बटणे आणि फ्लिपरखालचा स्विच यांची टोके टंगस्टनची असतात, तिथे बारीक कानस चालते. काचपेपर कुठेच नको, त्याचे कण टोकांत रुतून बसतात. पाती वाकवायची झाल्यास तिच्या बुंध्याशी, त्यासाठी मिळणाऱ्या खाचेच्या अवजाराने, आणि शक्यतो दोहोंपैकी आखूड व ताठ पाती वाकवावी. दोन्ही टोके भिडल्यावर ती पाती केसभर मागे ढकलली गेली पाहिजे. भिडताना होणाऱ्या त्या किंचित घसटीने टोके आपोआप स्वच्छ राहतात, आणि नुसती टेकणारी टोके महिन्याभरात पुन्हा काळी होतात.

फ्लिपर हा खेळाचा हात, म्हणून त्याला वेगळा वेळ द्यावा. १९४७ साली याच कंपनीने ‘हंप्टी डंप्टी’ काढून फ्लिपर प्रथम आणले. त्याआधी चेंडू सोडल्यावर खेळणाऱ्याच्या हाती यंत्राला ढोसण्यापलीकडे फारसे काही उरत नसे. आपल्या लहानपणीच्या खिळ्यांच्या बगाटेलसारखेच ते होते. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात, एक जोराचे आणि एक धरून ठेवण्याचे. फ्लिपर पूर्ण वर पोचला की त्याच्या टोकाशी असलेला स्विच उघडतो आणि वीज धरून ठेवणाऱ्या बारीक वेटोळ्यातूनही जाऊ लागते. हा स्विच उघडलाच नाही तर बटण दाबून धरताच कॉइल जळते, आणि बंद अवस्थेत नीट भिडला नाही तर फ्लिपर मरगळतो. ‘फ्लिपरला जोर नाही, जास्त ताकदीची कॉइल सुचवा’ अशी विचारणा मला सतत होते. दहातल्या नऊ वेळा मूळ कॉइल निर्दोष असते. स्विचची टोके घासावीत, कॉइलमधली झिजलेली नळी बदलून नायलॉनची घालावी, प्लंजरचे टोक पसरट झाले असेल तर प्लंजर व त्याचा थांबा दोन्ही नवे घ्यावेत. नळीत तेल कधीच घालू नये.

यंत्रणा आठ-दहा दिवस बिनतक्रार चालली की मगच फळीकडे वळावे. वरचे सर्व भाग काढण्यापूर्वी चारही कोपऱ्यांतून आणि प्रत्येक भागाच्या जवळून छायाचित्रे घ्यावीत, स्क्रू खोक्यांच्या लहान कप्प्यांत नावे लिहून ठेवावेत. तीन आठवड्यांनी कुठला वॉशर कुठल्या खांबाखाली होता हे कोणालाही आठवत नाही. साधी धूळ नॅप्थाने (पेट्रोलसारख्या द्रावकाने) आणि मऊ कापडाने निघते. खोल काळे पट्टे मेलामाइनचा पांढरा स्पंज व अल्कोहोल यांनी निघतात हे खरे, पण तो स्पंज म्हणजे अतिशय बारीक काचपेपरच आहे, प्रत्येक फेऱ्याबरोबर मूळ लॅकर जाते. कापडावर रंगाची छटा दिसली की त्याच क्षणी थांबावे. आपल्याकडचे लोक कॅरमच्या सवयीने फळीवर पावडर टाकायचे सुचवतात, ते हसण्यावारी न्यावे. इथे चेंडू लोळतो, घसरत नाही, आणि ती पावडर थेट खालच्या स्विचांत जाते. साफ झाल्यावर कार्नोबा मेणाचा पातळ हात द्यावा.

बंपरांभोवती आणि फ्लिपरांच्या वरच्या बाजूला रंग लाकडापर्यंत उडालेला असेल. तो ॲक्रिलिक रंगांनी भरता येतो, मात्र रंग जुळवण्याचे काम दिवसाच्या उजेडात करावे, आणि जुळला की नाही हे पाहताना जुन्या व नव्या दोन्ही जागा नॅप्थाने ओल्या करून पाहाव्यात, कारण वर लॅकर चढला की कोरड्या रंगाची छटा गडद होते आणि कोरडे असताना तंतोतंत जुळलेला ठिपका डाग म्हणून उठून दिसतो. काळ्या बाह्यरेषा अखेरीस ओढाव्यात. दिव्यांवरची प्लास्टिकची भिंगे खाली बसली असतील तर मागून केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब देऊन सपाट ठोकळ्याने समपातळीत आणावीत व मागून चिकटवावीत. त्यांच्या कडेला चेंडू क्षणभर जरी उडी मारत असला तरी तिथला रंग पुन्हा जाणार.

मोटारगाड्यांना देतात तो, दोन घटक मिसळून केलेला पारदर्शक थर फळीवर चढवावा का, हा वादाचा विषय आहे. फळी तीनचतुर्थांशाहून अधिक शाबूत असेल तर मी चढवत नाही. झिजलेल्या फळीचा रंग भरल्यावर मात्र तोच थर तिला वाचवतो. त्या थरातली आयसोसायनेट ही रसायने फुप्फुसांचे कायमचे नुकसान करू शकतात, साधा मास्क त्याला पुरत नाही. हे काम घरच्या गॅरेजमध्ये न करता, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या गाड्यांच्या रंगशाळेकडे द्यावे.

उभ्या काचेचे चित्र काचेच्या मागच्या बाजूला स्क्रीनने छापलेले असते आणि दिव्यांच्या उष्णतेने ते काचेपासून सुटते. सुरुवातीच्या काळात एका यंत्राची काच मी मागून ओल्या कापडाने पुसली. आकाशाचा हातभर निळा तुकडा मुकाट कापडावर आला, आणि त्या मालकिणीला ते सांगायला मला संध्याकाळपर्यंत धीर झाला नाही. म्हणून मागच्या बाजूला पाणी, साबण, फुंकर, ब्रश काहीही लावू नये. काच आडवी, चित्र वर करून ठेवावी आणि जाड पारदर्शक ॲक्रिलिक फवाऱ्याचे दोन-तीन हलके हात देऊन आहे तो रंग जागच्या जागी पक्का करावा. हा इलाज उलटवता येत नाही, त्यामुळे काच मौल्यवान असेल तर दुसरी छापील प्रत घेऊन मूळ काच जपून ठेवणे बरे. दिवे ४४ क्रमांकाचे असतील तर ४७ क्रमांकाचे लावावेत. पहिला पाव अँपिअर खातो, दुसरा ०.१५. पन्नास दिवे धरले तर पाच अँपिअर वाचतात, म्हणजे काचेमागची सुमारे ३० वॅट उष्णता कमी होते. उजेड थोडा मंद आणि जुन्या चित्राला शोभणारा पडतो. एलईडी या पर्यायी विजेवर लुकलुकतात, मला ते आवडत नाहीत.

कॅबिनेटला तळघराची ओल लागली असेल, तर पायांच्या बोल्टपाशी कोपरे उकललेले असतात. तिथे लाकडाचा गोंद भरून शिकंजाने एक रात्र आवळून ठेवावे. रंग फिका पण सलग असेल तर तो तसाच राहू द्यावा. पूर्ण नवा द्यायचा असेल तर खरवडण्यापूर्वी सर्व आकृत्या मोजून ट्रेसिंग कागदावर उतरवून घ्याव्यात, तयार साचेही मिळतात. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासू नये. पायांना क्रोम, आणि नवी रबरे पांढरी. काळ्या रबराची पूड फळीभर होते.

चेंडू नवाच घ्यावा. सुमारे २७ मिलीमीटरचा हा पोलादी गोळा फार महाग नसतो आणि जुन्याच्या पृष्ठावरचे खड्डे नव्या फळीला कानसेसारखे लागतात. फळीचा उतार साडेतीन अंशांच्या आसपास ठेवावा. अलीकडच्या यंत्रांचा साडेसहा अंशांचा उतार इथे दिला तर फ्लिपर दमतात आणि खेळ निरस होतो. चेंडू सोडणाऱ्या दांड्याची स्प्रिंग आणि त्याच्या टोकाचे रबर यांकडे सहसा कोणी पाहत नाही. आपले यंत्र निघाले त्याच १९७६ साली पिनबॉलचे खेळाडू आणि लेखक रॉजर शार्प यांनी न्यूयॉर्कच्या नगर परिषदेपुढे चेंडू वरच्या कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगून तो तिथूनच काढून दाखवला, आणि हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे हे पटून त्या शहरातली पिनबॉलवरची १९४२ पासूनची बंदी उठली. ढिल्या स्प्रिंगने ते त्यांनाही जमले नसते.

पुण्याला नेण्याविषयी. मागची पेटी बोल्ट व प्लग सोडवून वेगळी करावी, सगळ्या यंत्राचे वजन १०० किलोंहून अधिक असते. काच दोन ठोकळ्यांमध्ये, उभी, स्वतंत्र खोक्यात द्यावी. तिथे २३० व्होल्टवरून दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, पण वीज ६० ऐवजी ५० आवर्तनांची आहे हे तो बदलू शकत नाही. त्यामुळे आपली ती मोटर सुमारे सहाव्या हिश्श्याने संथ फिरेल, आकड्यांचा ताल थोडा लांबेल आणि आतला ट्रान्सफॉर्मर इथल्यापेक्षा गरम होईल. खेळायला अडचण येत नाही, तरी पहिल्या दिवशी तासभर चालवून त्यावर हात ठेवून पाहावे, हात ठेववत नसेल तर दाब १२० वरून ११०-१०५ पर्यंत उतरवावा. पावसाळ्यात यंत्र बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून निदान एकदा अर्धा तास चालू ठेवावे. दिव्यांच्या उबेने आतली ओल जाते आणि स्विचांची टोकेही घासली जातात.